गुणवत्ता कोणाची, थैली कोणाची?

आमच्या मुलांनीं राखीव जागा मागितली कीं ‘गुणवत्ता बुडाली’ अशी हाकाटी होते. या गुणवत्तावाल्यांस आमचा एक सवाल आहे.

डॉक्टरास पुढें एम्. डी., एम्. एस्. शिकावयाचें तर बहुतेक कॉलेजांसाठीं नीट-पीजी ही देशभर एकच परीक्षा. प्रश्न २००, गुण ८००. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकल्यास १ वजा. सन २०२३ सालीं रिकाम्या जागा भराव्या म्हणून सरकारनें पात्रतेची अट सर्वच वर्गांसाठीं शून्य पर्सेंटाइलवर आणली. म्हणजे परीक्षेस बसलेला शेवटचा उमेदवारहि पात्र!

वरच्या क्रमांकास जागा आधीं निवडतां येते. थोड्या फीच्या सरकारी जागा तेथेंच संपतात. मग खाजगी कॉलेजांतील लाखों रुपयांची जागा कोण घेणार? ज्याच्या बापाची थैली जड, तो. त्याहून अधिक गुण मिळविलेलें कुणब्या-सुताराचें पोर फीपायीं दाराबाहेर! तेव्हां हे गुणवत्तेचे कैवारी कोठें दडतात?

आम्ही शाळामास्तर, परीक्षा नको असें म्हणणार नाहीं. पण गुण ज्याचे, जागा त्याची. आणि त्याची फी सरकारनें भरावी. बंधूंनो, गांवोगांवच्या ग्रामसभांतून असा ठराव करून धाडा.