काँगला वजन हवं होतं

2005 च्या 'किंग काँग' चित्रपटावरून युबीसॉफ्टने केलेल्या गेममध्ये पडद्यावर आकडेच नाहीत. गोळ्या किती उरल्या, हे नायक जॅक तोंडाने सांगतो. वास्तवाचा एवढा आग्रह! पण काँगची पाळी आली की तो माकडासारखा कड्यांवरून उड्या मारत सुटतो. साधा गोरिला उभा राहिला तर साडेपाच फूट, हा 25. उंची साडेचार पट झाली की हाडांच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 20 पट होतं, वजन मात्र 90 पट. (हत्ती उड्या मारत नाही, ते उगाच नव्हे.) मला तर जपून पाऊल टाकणारा, जडशीळ काँग जास्त भीतिदायक वाटला असता. व्ही-रेक्सशी झुंजताना एकदा पडला, की उठणंच मुश्कील!