आहाराची पुस्तके आणि पाकिटावरची अक्षरे

लखनऊला आमच्याकडे पुण्यामुंबईहून येणारी मंडळी हल्ली बाकरवडीबरोबर आहारावरील एखादे पुस्तकही घेऊन येतात. त्यामुळे या विषयाचे वाचन मला अनायासे घडले आहे. ऋजुता दिवेकर यांचे ‘डोन्ट लूज युअर माइंड, लूज युअर वेट’ (२००९) घरात आहे. दिवसातून दोनदाच जेवावे असे सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षितही आहेत. या विचाराचे श्रेय ते ज्यांना देतात ते कै. श्रीकांत जिचकार भारतीय प्रशासकीय सेवा सोडून राजकारणात गेलेले, म्हणून मला थोडे अधिक जवळचे. दिवेकरांनी मध्यमवर्गाच्या ताटात तूपभात सन्मानाने परत आणला, याबद्दल तर मी त्यांचा व्यक्तिशः ऋणी आहे.

तरीही या ग्रंथांवर माझा एक आक्षेप आहे आणि तो वैद्यकीय नाही. आपण नेमके काय विकत घेत आहोत हे ग्राहकाला ठाऊक असते, असे त्यांनी गृहीत धरले आहे. अन्नउद्योगाचे वाभाडे काढणारे मायकेल पोलनसुद्धा २००८ च्या पुस्तकात शेवटी घरगुती नियमांवरच येऊन थांबतात: पणजीला जे अन्न म्हणून ओळखता येणार नाही ते खाऊ नये. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेले मोहरीचे तेल खाऊन साठांहून अधिक माणसे दगावली. उत्तर भारतातील कोणत्याही पणजीने ते तेल निःशंकपणे फोडणीला घातले असते. ही भेसळ ओळखता येते ती प्रयोगशाळेत. लखनऊच्या विषविज्ञान संस्थेत या धोत्र्याच्या तेलावर वर्षानुवर्षे संशोधन झाले आहे. आहाराच्या पुस्तकांत मात्र मला तिचा उल्लेख आढळला नाही.

आमच्या शेजारचा जिल्हा बाराबंकी. मार्च २०१४ मध्ये तेथील अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी मॅगीचा नमुना घेतला. पाकिटावर ‘एमएसजी मिसळलेले नाही’ अशा अर्थाचा मजकूर होता. तो खरा आहे का, एवढाच साधा प्रश्न होता. गोरखपूरच्या प्रयोगशाळेत एमएसजी आढळले. पुढे कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेने शिसे दशलक्ष भागांत १७.२ भाग असल्याचे सांगितले, मर्यादा २.५ ची होती. ५ जून २०१५ रोजी देशभर बंदी आली आणि १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कंपनीला म्हणणे मांडण्याची संधी दिली नव्हती आणि चाचण्या ज्या प्रयोगशाळांत झाल्या त्यांना आवश्यक मान्यता नव्हती. नव्या चाचण्यांत शिसे मर्यादेत निघाले. मला यात कंपनीच्या दोषनिर्दोषतेपेक्षा दुसरीच गोष्ट अधिक बोचते. जिल्ह्यातील एका अधिकाऱ्याने नेमका प्रश्न विचारला होता; त्याचे निर्विवाद उत्तर देईल अशी प्रयोगशाळा आपण त्याच्यामागे उभी केली नव्हती.

ही पुस्तके शासनाला फार सोयीची आहेत, असे मी शासनात राहून म्हणतो. मधुमेह झाला तर तुमच्या जिभेला संयम नाही, पोट सुटले तर तुम्ही चालत नाही! प्रयोगशाळांवरील खर्च, रिकामी पदे, वेष्टनाचे नियम यांविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. ज्याच्याकडे पुस्तक घ्यायला पैसे नाहीत, तो पाच रुपयांचे पाकीट मुलाच्या हातात कशाच्या भरवशावर देतो?

आणि हे अवघड आहे असेही नाही. २००१ साली आपण शाकाहारासाठी हिरवा ठिपका आणला. अक्षरओळख नसलेल्यालाही तो समजतो, कोणत्याही पुस्तकाविना. चिलीने २०१६ पासून जादा साखर, मीठ, चरबी यांसाठी काळे अष्टकोन छापायला लावले. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात मात्र तारे सुचवले गेले. ताऱ्यांच्या हिशेबात तंतू आणि प्रथिने यांचे गुण साखरेच्या दोषातून वजा होतात. अतिगोड बिस्किटही अशा बेरीज-वजाबाकीने एखादा तारा मिळवू शकते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या कामासाठी तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. हिरव्या ठिपक्याशेजारी एक काळा ठिपका छापायला शाई किती लागते?