आधी माउंट विचारा!

भारतवारी ठरली की फर्माईश ठरलेली, "येताना तिकडून चांगला कॅमेरा आण." चांगला म्हणजे मेगापिक्सेल जास्त! माउंटबद्दल चकार शब्द नाही.

इथे अमेरिकेत आमच्या लॅबमधल्या कॅमेऱ्यांना सी-माउंट आहे. शिकागोच्या बेल अँड हॉवेलने १९२०च्या दशकात सिनेकॅमेऱ्यासाठी काढलेलं. एक इंच व्यास, इंचाला ३२ आटे, माउंटपासून सेन्सरपर्यंत १७.५२६ मिमी. बस्स! या मापाची लेन्स कुणीही बनवावी. सीएस-माउंटमध्ये हे अंतर ५ मिमी कमी, म्हणून ५ मिमीची कडी लावली की सी-माउंटची लेन्स त्यावर चालते. उलटं मात्र जमत नाही. लेन्स सेन्सरपासून लांब पडते आणि दूरचं फोकस होत नाही.

कॅननने १९८७ मध्ये ईएफ आणताना नेमकं हेच केलं. अंतर ४२चं ४४ मिमी झालं. मध्ये जास्तीची काच घातल्याशिवाय एफडी लेन्स दूरचं फोकस करीनात. नव्या माउंटचं तोंड रुंद, ऑटोफोकसला विजेची जोडणी, हे मान्य. सी-माउंट मोठ्या सेन्सरला पुरत नाही, हेही मान्य. पण चांगली लेन्स चार कॅमेरे पुरून उरते, मंडळी. तिचं आयुष्य कंपनीच्या मर्जीवर का सोडायचं?

असो. कॅमेरा आणीन, पण आधी माउंट विचारा!