काडीचा आधार

‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण वर्गात आली की मुले हमखास हसतात. काडीने का कुठे माणूस तरतो? त्यांचे हसणे अगदीच गैर नाही. म्हणीच्या पोटात थोडी थट्टा आहेच. पण म्हण करणाऱ्याने एक गोष्ट सांगायची ठेवली. ती काडी पाण्यात आली कुठून? बहुधा काठावरच्या कुणीतरी ती टाकलेली असते. आणि काठावर माणसे पुष्कळ असली, तर काड्यांची मोळी व्हायला वेळ लागत नाही.

आम्हा ठाणे-कल्याणकडच्या लोकांना हे निराळे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हास नदी पात्र सोडून घराघरांत शिरली. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि माणसे अंधारात रुळांवरून चालत निघाली. त्या रात्री रुळांकडेच्या वस्त्यांनी अनोळखी माणसांना चहा पाजला, टेकायला जागा दिली. नाव-गाव विचारायला कुणाला सवड होती! पुढे २७ जुलै २०१९ रोजी कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पुरात अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका जवानांनी बोटींतून केली. पण आसपासचे गावकरीही हातावर हात ठेवून बसले नव्हते.

त्याही आधीची गोष्ट पाहा. फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरले. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबे! १९४९ साली त्या वस्तीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. नाव नदीवरून आले हे खरे. पण सर्वस्व गमावलेल्या माणसांच्या गावाला ‘उल्हास’ म्हणायचे, याला छाती लागते. त्या माणसांनी ते नाव खरे करून दाखविले. प्रत्येकाचेच घर गेले होते, त्यामुळे कुणी कुणापाशी दुःख लपवायचे कारणच नव्हते.

खरी अडचण पुढेच आहे. पूर आला की सारे धावतात, कारण तो सर्वांना दिसतो. पण एकट्याच्या घरात चढणारे पाणी कोण पाहणार? नोकरी सुटलेला एखादा गृहस्थ महिनाभर रोज डबा घेऊन नेहमीच्या लोकलने निघतो. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. मुलाचे मन आजारी आहे, हे आई नात्यागोत्यात सांगत नाही. इथे आपली दुसरी म्हण आडवी येते: झाकली मूठ सव्वा लाखाची! या म्हणीला मात्र मुले हसत नाहीत. खरे तर हसायला हवे. मूठ झाकलेलीच ठेवली, तर काडी धरायची कशाने?

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली. तिथे डॉक्टरी उपचार तर आहेतच. पण समदुःखी माणसांचे गटही आहेत. तिथे येणाऱ्याला पहिले औषध मिळते ते हे, की आपल्यासारखे दुसरेही कुणी आहे. मूठ तिथे आपोआप सैल होते. लोकलमधल्या रोजच्या मंडळींचे तरी दुसरे काय असते? चौथ्या सीटवरचा माणूस तीन दिवस दिसला नाही, तर चौथ्या दिवशी त्याच्या घरी फोन जातो. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या, तेव्हा अनेकांना कळले की आपण गाडीत नुसते उभे राहत नव्हतो. कुणीतरी आपली हजेरी घेत होते.

आता दिवाळी आली आहे. फराळाचे ताट शेजारी जाईल आणि रिकामे परत येणार नाही, ही आपली जुनी रीत. यंदा ते ताट द्यायला गेलात, तर उंबऱ्यावरूनच परत फिरू नका. दोन मिनिटे टेका, ‘कसे काय चालले आहे?’ असे विचारा, आणि उत्तर ऐकायला थांबा. आणि वाचकहो, तुमच्याच घरात पाणी चढत असेल, तर शेजारी ताट घेऊन येतील तेव्हा ‘सगळे छान आहे’ असे म्हणण्याची घाई करू नका. ताट घ्यायलाही मूठ उघडावीच लागते.