कपाटातला लॅपटॉप बाहेर काढा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. तेव्हापासून नातेवाईक आणि मोहल्ल्यातली पोरं मला एकच प्रश्न विचारतात, ‘भाई, आता हा लॅपटॉप भंगारात द्यायचा का?’ मी म्हणतो, नाही. आधी तो उघडून तरी बघा.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेला पाचव्या-सहाव्या पिढीचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह अधिकृतरीत्या बाद ठरतो. पण बाद ठरवणं वेगळं आणि निकामी होणं वेगळं. वैयक्तिक वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून घेण्याची सोय कंपनीनेच जाहीर केली. ती तात्पुरती मलमपट्टी आहे. खरा इलाज वेगळा.

जुना लॅपटॉप रडतो तो बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे नव्हे, हार्डडिस्कमुळे. टास्क मॅनेजर उघडा. काही न करताही ‘डिस्क’च्या रकान्यात १०० टक्के दिसत असेल, तर दुखणं सापडलं. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारा काटा प्रत्येक फाइलसाठी इकडून तिकडे धावतो. एसएसडीत फिरणारं काही नसतं. वाचण्याचा वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास असतो, तो साध्या साटा एसएसडीवर ५०० च्या घरात जातो. आणि बारीक फाइली शोधताना फरक याहून कितीतरी मोठा पडतो. चार मिनिटं चालू व्हायला घेणारं मशीन अर्ध्या मिनिटात उभं राहताना मी अनेकदा पाहिलं आहे. दुसरा उपाय रॅमचा: ४ जीबीची ८ करा. मात्र आधी खालचं झाकण काढून बघा. काही मॉडेलांत रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, आणि डीडीआर-३एलच्या जागी डीडीआर-४ बसत नाही. अलीकडे मेमरीचे भाव चढले आहेत, तेव्हा दोन दुकानांत विचारून घ्या. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर एसएसडी घ्या. झाकण उघडलंच आहे तर पंख्यातली धूळही काढा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर बॅटरी फुगली आहे. तो लॅपटॉप त्याच दिवशी बंद करून बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या.

मग त्यावर लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, दिसायला विंडोजसारखं आहे, ४ जीबीवरही चालतं आणि त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. लिबरऑफिस सोबतच येतं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि उर्दूचा कीबोर्ड दोन्ही जोडता येतात; अब्बांना उर्दू नस्तालिकमध्येच वाचायची असेल तर त्याचा फॉन्टही मोफत मिळतो. ज्याला टॅली किंवा एमएस-सीआयटी करायचं आहे, त्याने मात्र विंडोजच ठेवावं. लिनक्सच्या प्रेमापोटी कुणाचा कोर्स बुडवू नये, असं मी लिनक्सवर पोट भरणारा माणूस सांगतो आहे.

आता खरा प्रश्न. आपल्या कितीतरी घरांत एक लॅपटॉप कपाटात पडून असतो आणि त्याच गल्लीत एखादी मुलगी भावाच्या फोनवर, तो झोपल्यावर, प्रोग्रामिंग शिकत असते. फोनवर व्हिडिओ बघता येतो. कोड लिहिणं, प्रोजेक्टचा अहवाल तयार करणं, दोन पानं शेजारी ठेवून फॉर्म भरणं हे तिथे होत नाही. मग तो लॅपटॉप तिच्यापर्यंत का जात नाही? कंजूषपणा हे कारण क्वचितच असतं. मी विचारलं तेव्हा बहुतेक घरांत एकच उत्तर आलं, फोटो. बहिणीच्या लग्नाचे, घरातल्या बायकांचे. ‘डिलीट केले तरी कुणी परत काढले तर?’ ही भीती खुळी नाही. नुसतं डिलीट केल्याने किंवा क्विक फॉरमॅटने हार्डडिस्कवरचा मजकूर लगेच पुसला जात नाही, तो परत काढता येतो.

पण उपाय वर येऊन गेला आहे. एसएसडी बसवायची म्हणजे जुनी हार्डडिस्क बाहेर निघतेच. ती तुमच्याच घरात ठेवा. एक स्वस्त यूएसबी केस घातली की फोटोंची पेटी तयार. लॅपटॉप कोऱ्या एसएसडीसह दुसऱ्याच्या घरी जातो, तुमचा एकही फोटो त्यात नसतो. अम्मींना हे डिस्क हातात देऊन दाखवा, मग वाद उरत नाही.

हे काम करणारे हातही आपल्याच वस्तीत आहेत. मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीच्या टपरीवर बसलेला मुलगा जळालेली चिप बदलतो. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे, मला ते येत नाही. त्याला आपण ‘शिकला नाही म्हणून दुकान टाकलं’ म्हणतो, हे मला पटत नाही. त्याला कामाचे पूर्ण पैसे द्या, घासाघीस करू नका.

आणि जे फेकतो ते कुठे जातं? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांच्या रीतसर पुनर्वापराची नोंद आहे. बाकीच्यातला आपल्याकडचा मोठा वाटा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हातोडीने फुटतो. मुरादाबादला सर्किट बोर्ड जाळून, अॅसिडात बुडवून तांबं-सोनं काढलं गेलं. धूर तिथल्या मजुरांच्या छातीत आणि राख रामगंगेच्या काठावर गेली. त्या मजुरांत आपल्यासारख्याच नावांची माणसं पुष्कळ आहेत.

म्हणून मोहल्ल्याच्या वाचनालयात किंवा अभ्यासिकेत एक वही ठेवा. कुणाकडे कोणतं मॉडेल पडून आहे, रॅम किती, चार्जर आहे का, आणि कुणाला हवं आहे. चार्जरचा रकाना विसरू नका. निम्मे लॅपटॉप त्याच्यावाचूनच अडलेले असतात.