सॉर्ट लिहू नका राव, क्रम लिहा!

मंडळी, या शनिवारी जरा भांडायचा मूड आहे.

जावात सॉर्टिंग म्हटलं की आपल्या पोरांच्या अंगात आर्किटेक्ट संचारतो. एक सॉर्टर इंटरफेस, त्याखाली अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास, त्याची बबल, क्विक, मर्ज अशी लेकरं, आणि त्यांना जन्माला घालायला फॅक्टरी. कोल्हापुरातल्याच एका प्रोजेक्टचा कोड परवा बघितला. एवढा गोतावळा कशासाठी, तर सोसायटीच्या सभासदांची यादी नावाने लावायला! आणि अगदी तळाशी दोन नावांची तुलना कशाने? स्ट्रिंगच्या कम्पेअरटूने. धन्य.

अरे, अल्गोरिदम लिहून तयार आहे. टिम पीटर्सने २००२ साली पायथनसाठी टिमसॉर्ट लिहिला; २०११ च्या जावा ७ पासून ऑब्जेक्ट्सना तोच लागतो. स्टेबल आहे, म्हणजे आधी नावाने आणि मग तालुक्याने लावलं तरी करवीर, कागल, शिरोळच्या आतली नावं क्रमातच राहतात. तुम्ही याहून भारी लिहिलात तर तांबडा-पांढरा माझ्याकडून.

तुम्ही ठरवायचा असतो तो क्रम. कम्पेअरटू युनिकोडचे आकडे बघतो, वर्णमाला नाही. युनिकोडमध्ये ळ बसलाय ल च्या पाठोपाठ, व च्या आधी. शाळेत आपण घोकलं ते ह, ळ, क्ष, ज्ञ. म्हणून या यादीत कळंबा आधी आणि कसबा बावडा नंतर. क्षीरसागर तर क च्या शेपटाला, खोतांच्या आधी! ते बिचारे शेवटचं पान चाळणार, नाव सापडणार नाही, आणि खिडकीवरच्या माणसाशी वाद घालणार. सभेत मत द्यायच्या दिवशी हे झालं तर?

"सभासद क्लासलाच कम्पेअरेबल करू की", असं कुणीतरी म्हणेलच. सभासदाला एकच क्रम असतो का हो? सचिवाला सभासद नंबराने हवा, वसुलीवाल्याला थकबाकीने, नोटीस बोर्डाला नावाने. कम्पॅरेटर बाहेरून घ्या. आयसीयू४जे लायब्ररीत मराठीचा कोलेटर आयता मिळतो, ळ, क्ष, ज्ञ त्यात ह नंतरच आहेत. तो स्वतःच कम्पॅरेटर असल्यामुळे लिस्टच्या सॉर्टला तसाच देता येतो. एका ओळीचं काम!

कोलेटर स्लो असतो, मान्य. यादी लाखांत गेली तर प्रत्येक नावाची कोलेशन की एकदाच काढून ठेवा. पाच हजार सभासदांसाठी कशाला डोकं खाता? ती फॅक्टरी तेवढी सोमवारी डिलीट करा.