किल्ला घेतला कोणी?

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत प्रश्न असतो : अमुक किल्ला कोणत्या साली, कोणी, कोणाकडून घेतला? उत्तर एका ओळीचे. पण ती ओळ पाठ करताना पोरे मनात दोन रकाने आखतात, ‘आपले’ आणि ‘त्यांचे’. आम्ही उर्दू शाळांत शिकवणारी माणसे हे रोज पाहतो. आमची हरकत या रकान्यांना आहे.

आपल्याच बीड जिल्ह्यातला धारूर घ्या. विजापूरच्या किश्वरखानाने तो १५६७च्या सुमारास बांधला. लवकरच अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने तो घेतला. किश्वरखान मारला गेला. १५६५ साली तालिकोटला हीच दोन राज्ये खांद्याला खांदा लावून लढली होती. १६३१ मध्ये धारूर मोगलांकडे गेला. यातला ‘आपला’ कोणता?

१७६० साली उदगीरला पेशव्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदीकडे होता आणि समोर त्याचा जुना धनी निजाम. पुढच्याच वर्षी पानिपतावर मराठ्यांकडून लढताना तो अब्दालीच्या हाती सापडून मारला गेला. त्याला कोणत्या रकान्यात बसवणार?

पाटोद्याहून जामखेडवरून पुढे गेले की खर्डा. तिथला किल्ला निंबाळकरांचा आणि निंबाळकर निजामाचे सरदार. मार्च १७९५ मध्ये मराठ्यांकडून हरलेल्या निजामअलीने तिथेच आसरा घेतला.

तेव्हा तलवार पगाराला बांधलेली होती. वेढा पडला की उभे पीक घोड्यांच्या पोटात जाई. शेत रामाचे की रहीमचे, हे घोडा विचारीत नसे. तरीही आज एकीकडे प्रत्येक लढाईचा हिशेब आमच्या पोरांकडे मागितला जातो, तर दुसरीकडे आपल्यातलेच काही जण प्रत्येक सुलतानाच्या फतहची शेखी मिरवतात. दोघांचे गणित एकच आणि तितकेच चुकीचे. ज्या सुलतानाने रयतेला विचारून तोफ डागली नाही, त्याच्या विजयात आपला वाटा कसला आणि पराभवाची शरम तरी कसली?

अहमदनगरच्या भुईकोटाने निजामशाही, मोगल, पेशवे, शिंदे आणि १८०३ पासून इंग्रज, इतके धनी पाहिले. त्याच किल्ल्यात १९४२ पासून मौलाना आझाद आणि पंडित नेहरू एकत्र कैदेत होते. ‘गुबार-ए-खातिर’मधली बहुतेक पत्रे तिथलीच. वारसा सांगायचा तर हा सांगू.

शाळेची सहल धारूरला न्या. किल्ला कोणी घेतला एवढ्यावर थांबू नका. कोणाच्या पगारावर, कोणाच्या धान्यावर घेतला आणि मागे गावाचे काय झाले, हे विचारायला शिकवा. आणि हे सारे मराठीत लिहा. आपण लिहिले नाही, तर रकाने भरणारे तयारच आहेत.